उघडझाप करणाऱ्या दिव्याची कुळकथा

गणपतीच्या मखरांत विजेचे रंगीत दिवे लावण्याची चाल आतां इतकी रुळली आहे कीं, त्यांच्याकडे कोणी मुद्दाम थांबून पाहत नाहीं. दिवे लागतात, मिटतात, पुन्हां लागतात. आरती होते, प्रसाद वांटला जातो, आणि दिव्यांची उघडझाप भिंतीवरील घड्याळाच्या टिकटिकीप्रमाणें मागें चालूच राहते. माझेंही लक्ष तिकडे एरवीं गेलें नसतें. परंतु गेल्या वर्षीं माझ्या भाचीनें हट्ट धरला कीं, यंदा बाजारांतील तयार माळ आणावयाची नाहीं. मखराच्या दोन खांबांवर दोन दिवे बसवावयाचे, ते आळीपाळीनें लागावयाचे, आणि तें यंत्र आपण घरींच करावयाचें. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील एका दुकानांतून आम्हीं सामान आणलें. तें सारें एका कागदी पाकिटांत मावलें. एक लाल दिवा, एक पिवळा दिवा, चार रोधक, दोन धारित्रें, नऊ व्होल्टची एक बॅटरी, आणि नखाएवढ्या काळ्या वडीसारखी दिसणारी, आठ पायांची एक वस्तु. संध्याकाळपर्यंत जोडाजोड पुरी झाली. बॅटरी लावतांच लाल दिवा लागला. अर्ध्या सेकंदानें तो मिटला आणि पिवळा लागला. घरांतील मंडळींनीं कौतुक केलें. भाची मात्र बराच वेळ त्या दिव्यांकडे टक लावून बसली आणि मग तिनें विचारलें, "मामा, पण ह्याचें बटण दाबतें कोण?"

प्रश्न लहान मुलीचा असला तरी त्याचें उत्तर लहान नाहीं. त्या उत्तरांत एका जुन्या भांड्याची गोष्ट आहे, समुद्रावरील दीपस्तंभांची आहे, आणि कांहीं अशा माणसांची आहे कीं, ज्यांचीं नांवें दिवा लावणाऱ्यांस व विकणाऱ्यांस सहसा ठाऊक नसतात. ती गोष्ट आज आपणांस सांगावी असें मीं योजिलें आहे.

आरंभ आपल्या घरापासून करूं. लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठीं घटिकापात्र मांडण्याची रीत आपल्याकडे होती आणि कोठें कोठें ती अजूनही पाळली जाते. घंगाळांत पाणी घ्यावयाचें आणि बुडाशीं बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी त्यावर तरंगत सोडावयाची. छिद्रांतून पाणी हळूहळू आंत शिरतें, वाटी भरते आणि बुडते. ती बुडली म्हणजे एक घटका झाली, आजच्या हिशेबानें चोवीस मिनिटें. अहोरात्रांत असें पात्र साठ वेळां बुडावें, असें सूर्यसिद्धान्तांत सांगितलें आहे. ह्या साध्या यंत्रांत वेळ ठरविणाऱ्या गोष्टी दोनच: वाटी केवढी आहे, आणि छिद्र केवढें आहे. वाटी मोठी केली तर वेळ वाढतो. छिद्र बारीक केलें तरीही वेळ वाढतो. भास्कराचार्यांच्या लीलावतीची दंतकथा आपणांपैकीं बहुतेकांनीं ऐकली असेल. अकबराच्या दरबारांतील फैजी ह्यानें १५८७ सालीं केलेल्या 'लीलावती'च्या फारसी भाषांतरांत ती आढळते. लग्नाच्या दिवशीं पात्र पाहावयास ती वांकली, तिच्या अलंकारांतील मोती पात्रांत पडला, छिद्र बुजलें, पाणी शिरावयाचें थांबलें आणि मुहूर्त टळला. कथेला इतिहासाचा आधार नाहीं. पण यंत्राचें वर्म तिनें अचूक पकडलें आहे. छिद्र बुजलें कीं काळ थांबतो.

ह्या पात्रांत एक उणीव होती. घटका भरते ती आपोआप. रिकामी होते ती मात्र माणसाच्या हातानें. बुडालेलें पात्र वर काढावयाचें, पाणी ओतून टाकावयाचें आणि तें पुन्हां तरंगत सोडावयाचें, ह्यासाठीं पात्राजवळ कोणीतरी जागत बसावें लागे. उघडझाप करणाऱ्या दिव्याचा सारा इतिहास म्हणजे ह्या जागत बसणाऱ्या माणसाला रजा कशी मिळाली, त्याचा इतिहास होय.

विजेच्या शोभेच्या दिव्यांचा पहिला प्रसिद्ध प्रयोग १८८२ सालच्या डिसेंबरांत न्यूयॉर्क येथें झाला. एडिसन ह्यांचे सहकारी एडवर्ड जॉन्सन ह्यांनीं आपल्या घरांतील नाताळच्या झाडावर लाल, पांढरे व निळे असे ऐंशी दिवे बसविले. विशेष हा कीं, हे दिवे नुसते जळत नव्हते. झाड स्वतःभोवतीं फिरे आणि फिरतां फिरतां दिव्यांचा एक संच मिटे व दुसरा लागे. झाडाच्या बुडाशीं तांब्याच्या पट्ट्या बसविल्या होत्या. झाड फिरलें कीं त्यांचा विजेच्या तारांशीं स्पर्श जुळे व तुटे. म्हणजे विजेची आरास जन्मली तीच मुळीं उघडझाप करीत. परंतु तेथें बटण दाबणारें यंत्र फिरणारें होतें. फिरणारी वस्तु झिजते, अडकते आणि तिला तेलपाणी करणारा माणूस लागतो. पात्राजवळच्या माणसाला अजून रजा मिळाली नव्हती.

ती मिळण्याचा पहिला मोठा प्रसंग आला तो घरांत नव्हे, तर समुद्रावर. बंदराच्या तोंडाशीं आणि खडकांवर जे दीपस्तंभ असतात, त्यांची उघडझाप शोभेसाठीं नसते. प्रत्येक दिव्याचा लागण्या-मिटण्याचा ताल वेगळा ठेवतात आणि त्यावरून खलाशी आपण कोठें आहों हें ओळखतो. स्वीडनमधील गुस्ताफ डालेन ह्यांनीं १९०५ च्या सुमारास ॲसिटिलिन वायूच्या दिव्यासाठीं एक युक्ति काढली. एका लहान कोठडींत वायु हळूहळू भरत जाई. तिच्यावरील लवचिक पडदा फुगे. ठराविक मर्यादेपर्यंत फुगला कीं झडप उघडे, सांठलेला वायु एकदम बाहेर पडून जवळच्या बारीक ज्योतीवर पेटे. कोठडी रिकामी झाली कीं पडदा खालीं बसे, झडप मिटे आणि पुन्हां भरणें सुरू होई. पात्र स्वतःच भरूं लागलें आणि स्वतःच रिकामें होऊं लागलें. दिवा बहुतेक वेळ मिटलेला असल्यामुळें वायूचा खर्च नऊ-दशांशापर्यंत वांचला, आणि जेथें माणसानें राहणें कठीण, अशा खडकांवरही महिनेच्या महिने दिवे आपोआप चालूं लागले. ह्या कामाबद्दल १९१२ सालीं डालेन ह्यांस पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु त्याच वर्षीं वायूच्या नळकांड्यांची परीक्षा करीत असतां स्फोट होऊन त्यांचे दोन्ही डोळे गेले होते. पारितोषिक घेण्यासाठीं त्यांचे बंधु गेले. ज्यानें हजारों खलाशांना रात्रीं वाट दाखविली, त्याला स्वतःला पुढें कधीं दिवा दिसला नाहीं. तरीही त्यांनीं काम सोडलें नाहीं. १९३७ सालीं मृत्यु येईपर्यंत ते आपला कारखाना चालवीत होते.

आतां विजेकडे वळूं. वायु सांठवावयाला कोठडी असते, पाणी सांठवावयाला वाटी असते. वीज कशांत सांठवावी? ह्याचें उत्तर अठराव्या शतकाच्या मध्यास दोन ठिकाणीं स्वतंत्रपणें सांपडलें. १७४५ सालीं पोमेरेनियांतील फॉन क्लाइस्ट ह्यांस आणि १७४६ च्या सुमारास हॉलंडमधील लायडन शहरीं मुशेनब्रुक ह्यांस असें आढळलें कीं, काचेच्या बरणींत घर्षणाची वीज सांठवितां येते. मुशेनब्रुक ह्यांस ह्या बरणीचा असा जबर धक्का बसला कीं, फ्रान्सचें सारें राज्य दिलें तरी तो धक्का पुन्हां घेणार नाहीं, अशा अर्थाचें त्यांनीं लिहून ठेवलें. आज दुकानांत ज्याला कपॅसिटर म्हणतात आणि शाळेच्या पुस्तकांत ज्याला धारित्र म्हणतात, तें ह्या लायडनच्या बरणीचेंच वंशज होय. धारित्र ही वाटी. त्यांत वीज किती वेगानें शिरावी हें ठरविणारा रोधक हें छिद्र. वाटी मोठी किंवा छिद्र बारीक केलें कीं वेळ वाढतो, हा घटिकापात्राचा नियम येथें जसाच्या तसा लागू पडतो. फरक एवढाच कीं, धारित्र आरंभीं भराभर भरतें व पुढें पुढें त्याची गति मंदावते.

भरण्याची सोय झाली. पण रिकामें कोणी करावयाचें? १९२१ सालीं पिअर्सन व ॲन्सन ह्या दोघां इंग्रजांनीं नियॉन वायूच्या दिव्यांत त्याचें एक उत्तर पाहिलें. नियॉनचा दिवा विजेचा दाब ठराविक मर्यादेपर्यंत चढेतों वीज आंत येऊं देत नाहीं. ती मर्यादा गांठली कीं तो एकदम पेटतो, आणि दाब बराच खालीं उतरेपर्यंत पेटलेला राहतो. त्याला धारित्र जोडलें तर धारित्र भरतें, दिवा पेटतो, धारित्र रिकामें होतें, दिवा मिटतो, आणि हें चक्र अखंड चालतें. हॉलंडचे व्हान डेर पोल ह्यांनीं १९२६ सालीं अशा भरण्या-ओसरण्याचें गणित मांडलें. नंतर दोन वर्षांनीं एका सहकाऱ्याच्या मदतीनें त्यांनीं दाखवून दिलें कीं, असेच झटके देणारीं विजेचीं मंडलें एकमेकांस जोडलीं तर त्यांच्या तालाशीं मनुष्याच्या हृदयाचे ठोके जुळवून दाखवितां येतात. मखरांतला दिवा आणि छातींतलें हृदय ह्यांचें नातें केवळ कविकल्पना नव्हे, हें ऐकून आपणांस नवल वाटेल.

परंतु आमच्या मखरांत दोन दिवे होते, आणि एक मिटला कीं दुसरा लागे. ही जोडगोळीची कल्पना ज्यांची, त्यांच्यापाशीं आपण क्षणभर थांबलें पाहिजे. पहिल्या महायुद्धाच्या काळांत आँरी आब्राम आणि यूजेन ब्लॉक हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ आपल्या लष्कराच्या बिनतारी संदेशांसाठीं काम करीत होते. बिनतारी लहरींची कंपनसंख्या मोजावयास त्यांना एक भरंवशाचें माप हवें होतें. त्यांनीं रेडिओच्या दोन नळ्या घेतल्या आणि अशा रीतीनें एकमेकींस जोडल्या कीं, एक चालू झाली कीं दुसरी बंद पडावी. दुसरीचें धारित्र भरलें कीं तिनें चालू होऊन पहिलीस बंद पाडावें. दोन मुलें झोंपाळ्याच्या फळीवर समोरासमोर बसावीं व एक खालीं गेलें कीं दुसरें वर यावें, तसा हा खेळ. ह्यांतून निघणाऱ्या स्पंदनांत मूळ कंपनाबरोबर त्याच्या कितीतरी पट कंपनेंही असत, म्हणून त्यांनीं ह्या यंत्रास 'मल्टिव्हायब्रेटर' असें नांव दिलें. हें काम १९१९ सालीं प्रसिद्ध झालें. पुढें मोजणीचीं यंत्रें, दूरदर्शनाचे संच आणि गणकयंत्रें ह्या सर्वांनीं ह्या कल्पनेचा आधार घेतला. त्याच सुमारास इंग्लंडांत एक्लिस व जॉर्डन ह्यांनीं तिची एक बहीण जन्माला घातली: दोन नळ्यांची अशी जोडी, कीं जी धक्का दिल्याशिवाय आपली बाजू सोडीत नाहीं, म्हणजे शेवटचा हुकूम लक्षांत ठेवते.

आब्राम व ब्लॉक हे दोघेही ज्यू होते. दुसऱ्या महायुद्धांत फ्रान्स जर्मनांच्या हातीं गेल्यावर दोघांनाही पकडून ऑशविट्झ येथें पाठविण्यांत आलें. आब्राम ह्यांचा अंत १९४३ सालीं झाला, ब्लॉक ह्यांचा १९४४ सालीं. ज्या देशाच्या सैन्यासाठीं त्यांनीं आपली बुद्धि वेंचली होती, त्याच देशांतून त्यांना नेलें गेलें. आब्राम त्या वेळीं पंचाहत्तर वर्षांचे वृद्ध होते.

येथवर उघडझापीची हकीकत झाली. आतां खुद्द दिव्याकडे येऊं. ज्याला आपण एलईडी म्हणतों, त्यांत तार तापत नाहीं कीं वायु पेटत नाहीं. दोन निराळ्या गुणांच्या स्फटिकांची शीव जेथें लागते, तेथें विजेचे कण ओलांडून जातात आणि रिकाम्या जागीं उतरतांना आपल्याजवळची शक्ति प्रकाशाच्या रूपानें टाकून देतात. ही गोष्ट प्रथम १९०७ सालीं हेन्री राउंड ह्यांच्या नजरेस आली. मार्कोनी ह्यांच्या कंपनींत काम करीत असतां कार्बोरंडमच्या तुकड्यास दहा व्होल्टचा दाब देतांच त्यांतून पिवळसर उजेड निघतांना त्यांस दिसला. एका नियतकालिकांत त्यांनीं छोटीशी नोंद छापली. तिच्याकडे त्या वेळीं कोणाचें फारसें लक्ष गेलें नाहीं.

पुढें रशियांत निझ्नी नोव्हगोरोद येथील रेडिओ प्रयोगशाळेंत ओलेग लोसेव ह्या तरुणास तोच उजेड दिसला. लोसेव हे विद्यापीठाचे पदवीधर नव्हते. प्रयोगशाळेंतील एक साधे कामगार होते. त्यांनीं मात्र नोंद करून विषय सोडला नाहीं. उजेड कोठून निघतो, किती दाबास निघतो, स्फटिक तापल्यामुळें तर निघत नाहीं ना, ह्याचा त्यांनीं वर्षानुवर्षें छडा लावला. हा उजेड फार त्वरेनें लागतो व मिटतो, हें ओळखून १९२७ सालीं त्यांनीं त्याचा उपयोग संदेश पाठविण्याकडे करण्याच्या एका योजनेसाठीं पेटंटही मागितलें. उघडझाप करणें हाच ह्या दिव्याचा खरा गुण, हें त्यांनीं असें आरंभींच हेरलें होतें. पण स्फटिकाचें शास्त्र तोंवर इतकें बाल्यावस्थेंत होतें कीं, ह्या कामाचें महत्त्व जगाला कळावयास आणखी पस्तीस वर्षें लागावयाचीं होतीं. तितकीं लोसेव ह्यांना मिळालीं नाहींत. १९४२ च्या आरंभीं लेनिनग्राडला जर्मन फौजांचा वेढा पडलेला असतां, तेथें उपासमारीनें त्यांचा मृत्यु झाला. त्यांचें वय अडतीस होतें.

१९६२ सालीं अमेरिकेंत निक होलोन्याक ह्यांनीं गॅलियम, आर्सेनिक व फॉस्फरस ह्यांच्या मिश्र स्फटिकांतून डोळ्यांना दिसणारा लाल प्रकाश काढून दाखविला. होलोन्याक हे पूर्व युरोपांतून आलेल्या एका कोळसा खाणकामगाराचे पुत्र. हा दिवा एक दिवस काचेच्या दिव्याची जागा घेईल, असें भाकीत त्यांनीं लगेच पुढच्या वर्षीं एका लोकप्रिय मासिकांतून केलें. लोकांना तें अतिशयोक्तीचें वाटलें असल्यास नवल नाहीं. कारण तेव्हां असा एक दिवा २६० डॉलरांना विकत मिळे. १९७२ सालीं त्यांचेच शिष्य जॉर्ज क्रॅफर्ड ह्यांनीं पिवळा दिवा केला. निळा तेवढा हुलकावण्या देत राहिला. तो जपानांत आकासाकी, आमानो व नाकामुरा ह्यांच्या परिश्रमांनीं १९९० च्या आगेंमागें साधला, आणि निळ्याच्या आधारानें पांढराही मिळाला. ह्या तिघांना २०१४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. होलोन्याक ह्यांस तें मिळालें नाहीं. १९६३ चें त्यांचें भाकीत मात्र आज आपल्या घरोघरच्या छतांवर खरें झालेलें दिसतें, आणि २०२२ सालीं निधन होण्यापूर्वीं तें त्यांना स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावयास मिळालें.

आतां राहिली ती आठ पायांची काळी वडी. तिचें नांव '५५५', आणि तिचे जनक हान्स कॅमेंझिंड. त्यांचा जन्म १९३४ सालीं झूरिक येथें झाला. १९६० सालीं ते अमेरिकेस गेले आणि १९६८ पासून कॅलिफोर्नियांतील सिग्नेटिक्स कंपनींत काम करूं लागले. १९७० सालीं धंद्यांत मंदी आली आणि कंपनीनें पुष्कळ लोकांना काढून टाकलें. त्या वेळीं कॅमेंझिंड ह्यांनीं वेगळाच प्रस्ताव मांडला: मी नोकरी सोडतों, मला एक वर्षाचें काम ठेक्यानें द्या, लागणारीं उपकरणें उसनीं द्या, मी निम्म्या पगारावर वेळ मोजणारें एक मंडल तयार करून देतों. कंपनींतील कांहीं एंजिनियरांचें म्हणणें पडलें कीं, हें काम आपण विकतों त्या इतर सामानाच्या जुळणीनेंही होतें, मग नवी वस्तु हवी कशाला? विक्रीखात्याचे प्रमुख आर्ट फ्यूरी ह्यांनीं मात्र कल्पना उचलून धरली. पुढें '५५५' हा आंकडाही त्यांनींच ठेवला.

१९७१ च्या उन्हाळ्यांत पहिला आराखडा मंजूर झाला. त्यांत धारित्रांत वीज सोडण्यासाठीं एक खास यंत्रणा होती आणि वडीला नऊ पाय लागत होते. आराखडा मंजूर झाल्यावर थोड्याच दिवसांत कॅमेंझिंड ह्यांना सुचलें कीं, त्या यंत्रणेची गरजच नाहीं; छिद्राच्या जागीं एक साधा रोधक पुरे. नऊचे आठ पाय झाले आणि वस्तु स्वस्त, लहानशा डबींत मावण्याजोगी झाली. सुमारें पंचवीस ट्रान्झिस्टरांची मांडणी त्यांनीं हातानें आंखली व कापली. १९७२ सालीं ही वडी बाजारांत आली. तिच्यावर पेटंट घेतलें गेलें नव्हतें. त्यामुळें इतर कारखान्यांनीं तिच्या नकला काढल्या आणि ती जगभर झाली. २००३ च्या सुमारास दर वर्षीं शंभर कोटींच्या आसपास वड्या तयार होत, असा अंदाज आहे. कॅमेंझिंड २०१२ सालीं वारले. त्यांची ती वडी आजही कारखान्यांतून बाहेर पडते आहे आणि लॅमिंग्टन रोडवर चहाच्या पेल्याच्या किंमतींत मिळते.

ह्या वडीच्या पोटांत काय आहे, हें घटिकापात्राच्या भाषेंत सांगणें सोपें आहे. पात्रावर दोन खुणा केल्या आहेत अशी कल्पना करा: एक एक-तृतीयांशावर, दुसरी दोन-तृतीयांशांवर. त्या खुणांवर दोन पहारेकरी बसविले आहेत. वीज वरच्या खुणेस पोंचली कीं एक पहारेकरी ओरडतो, "भरलें!" ती खालच्या खुणेस उतरली कीं दुसरा ओरडतो, "ओसरलें!" त्यांच्यामध्यें एक कारकून आहे, शेवटची हांक कोणाची, एवढें तो लक्षांत ठेवतो. ही एक्लिस-जॉर्डन ह्यांची जोडी. आणि कारकुनाच्या हुकमानें पात्र ओतून टाकणारा एक सेवक आहे. पात्राजवळ जागत बसणाऱ्या माणसाचीं सर्व कामें ह्या चौघांनीं वांटून घेतलीं आहेत. ह्यांत आणखी एक खुबी आहे. ह्या खुणा ठराविक व्होल्टांवर नसून बॅटरीच्या दाबाच्या प्रमाणांत आहेत. बॅटरी उतरत चालली कीं दोन्ही खुणाही तितक्याच खालीं सरकतात. म्हणून दिवा मंद होतो, पण ताल बिघडत नाहीं.

नभोवाणीवरून आकृति दाखवितां येत नाहीं. तरी ज्यांना घरीं करून पाहावयाचें असेल त्यांच्यासाठीं जोडणी तोंडी सांगतों. खांच डावीकडे ठेवून वडी समोर धरावी म्हणजे खालच्या रांगेंत डावीकडून उजवीकडे एक ते चार, आणि वरच्या रांगेंत उजवीकडून डावीकडे पांच ते आठ, असे पायांचे क्रमांक येतात. पहिला पाय बॅटरीच्या ऋण टोंकास, आठवा व चौथा धन टोंकास जोडावा. आठव्या व सातव्या पायांमध्यें एक हजार ओहमचा रोधक, सातव्या व सहाव्या पायांमध्यें अडुसष्ट हजार ओहमचा. सहावा व दुसरा पाय एकत्र करून तेथून दहा मायक्रोफॅरडचें धारित्र ऋण टोंकाकडे न्यावें; त्याची ऋण बाजू ऋण टोंकासच यावी. पांचव्या पायापासून ऋण टोंकाकडे ०.०१ मायक्रोफॅरडचें बारीक धारित्र घालावें. तिसरा पाय हा दिव्यांचा. त्याच्यापासून ऋण टोंकाकडे एक दिवा, आणि धन टोंकापासून त्याच्याकडे दुसरा. प्रत्येकाबरोबर चारशें सत्तर ओहमचा रोधक अवश्य ठेवावा, नाहींतर दिवा जळून जाईल. दिव्याचा लांब पाय नेहमीं धन बाजूस. असें केलें म्हणजे प्रत्येक दिवा सुमारें अर्धा सेकंद लागतो. दहाऐवजीं शंभर मायक्रोफॅरडचें धारित्र घातलें तर वाटी दहापट मोठी होते आणि दिवा पांच सेकंदांच्या जवळपास लागलेला राहतो.

भाचीला ही सारी हकीकत मीं गणपतीच्या दिवसांत रोज थोडी थोडी सांगितली. डालेन आंधळे झाले हें ऐकून ती गप्प बसली. लोसेव उपाशी मेले हें तिला खरें वाटेना. "इतका हुशार माणूस, आणि त्याला कोणी जेवायला दिलें नाहीं?" असें तिनें दोनदां विचारलें. वेढा म्हणजे काय, आणि संबंध शहरच उपाशी असलें तर कोण कोणाला देणार, हें मीं तिला समजावून सांगितलें. पण माझें उत्तर तिला पुरेसें वाटलें असें मला वाटलें नाहीं. मलाही तें पुरेसें वाटलें नाहीं. आब्राम व ब्लॉक ह्यांची गोष्ट मीं तिला अजून सांगितलेली नाहीं. ती थोडी मोठी झाली म्हणजे सांगेन.

तिसऱ्या दिवशीं संध्याकाळीं आरतीच्या वेळीं बॅटरी लावली, तों लाल दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. पिवळ्याची पाळी येईना. मंडळी म्हणालीं, असूं द्या, आरती उरकून घेऊं. भाची मात्र मखरामागें शिरली. एकेक सांधा तिनें बोटानें हलवून पाहिला. अडुसष्ट हजारांच्या रोधकाचा एक पाय डाकांतून सुटला होता. वीज धारित्रांत शिरतच नव्हती. तो नीट टेकवून धरतांच लाल मिटला आणि पिवळा लागला. मखरामागूनच ती ओरडली, "मामा, मोती अडकला होता!"